खालचं टोक

दिवस पंधरा

साठ रव्याचे लाडू वळायचे बाकी होते, पाक कोमट होत आला होता, आणि तरीही सुवर्णा थोरवडे हात पुसून फोन घेऊन बसल्या. कराडात रुखवताचे पदार्थ करून देणाऱ्या बायकांमध्ये त्यांचं नाव मोठं. पाक सोडून उठताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पण फोनवर आलेली गोष्ट पाकापेक्षा नाजूक होती.

'अभिनंदन. आज गर्भाचा पंधरावा दिवस. ईश्वरी थोरवडे यांनी तुम्हाला सोबतीण म्हणून निवडलं आहे.'

ईश्वरी म्हणजे त्यांची सून. लग्नाला दीड वर्ष झालेली, शाळेत भूगोल शिकवणारी, आणि घरात चालताना पायांचा आवाज न करणारी. सोबतीला कुणी नवऱ्याला नेमतं, कुणी आईला. हिने सासूला नेमलं होतं. सुवर्णाबाईंनी तो निरोप तीनदा वाचला आणि चौथ्यांदा मोठ्याने वाचला, ऐकायला स्वयंपाकघरात कुणी नसताना.

ज्यांच्या घरी अजून टिकली आलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. टिकली दंडाच्या आतल्या बाजूला लावायची. कातडीखालच्या ओलाव्यातून ती बारीक बारीक थेंब घेत राहते. गर्भ धरून बारा-तेरा दिवस झाले की त्याच्या पेशींतून निसटलेले संदेशांचे तुकडे आईच्या रक्तात उतरतात. गर्भातली कुठली जनुकं जागी झाली, कुठली झोपली, हे त्या तुकड्यांवरून ओळखता येतं. टिकली ते वाचते आणि फोनवर एक रेष काढते. दिवस मोजायचे ते गर्भ धरल्यापासून. पाळी चुकल्याचं बाईच्या लक्षात येईतो त्यातले पंधरा गेलेले असतात, आणि बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी तर अठ्ठाविसाव्या दिवशी मिटूनही जाते. पूर्वी हे सगळं कुणाच्या नकळत उरकायचं. एरवी तीन महिने बातमी न फोडणारी घरंही आता पंधराव्या दिवसापासून श्वास धरून बसतात, आणि बायका नळावर भेटल्या की विचारतात, "मिटलं का गं?"

सोबतिणीचं पहिलं काम फॉर्म भरायचं.

*साखरेचा आजार?* नाही.

*गेल्या महिन्यात ताप?* नाही.

*फार गरम पाण्याच्या टबात बसणं?* आमच्याकडे बादली आहे.

*मांस, मासे, अंडी, दूध?* सोमवार-गुरुवार सोडून सगळं.

*सध्या चालू असलेली औषधं?*

सुवर्णाबाई उठून सुनेच्या खोलीत गेल्या. फळीवर पांढरी बाटली होती, वर कॅल्शियमचं लेबल. ईश्वरीची आई तासगावहून दर महिन्याला बेदाण्यांबरोबर ती पाठवायची. लेकीची हाडं ठिसूळ आहेत, म्हणायची.

दारात ईश्वरी उभी होती, खांद्याला शाळेची पिशवी.

"आई, ते राहू द्या ना. मी भरते."

"तू शाळेला जा. उशीर झालाय. सोबतीण मी आहे की तू?"

ईश्वरीने तोंड उघडलं, मिटलं, आणि पिशवीचा पट्टा सारखा केला. सुवर्णाबाईंनी लिहिलं: *कॅल्शियम. रोज दोन.* आणि पाठवून दिलं.

पाक गोळीबंद होऊन बसला होता. साठ लाडवांचा दगड झाला.

दिवस सोळा, सतरा

या दोन दिवसांत काही घडलं नाही. म्हणजे सुवर्णाबाईंनी पालक आणला, चवळीची पालेभाजी आणली, अंबाडी आणली, आणि ईश्वरी म्हणाली, "आई, मी शेळी नाहीये." एवढंच.

दिवस अठरा

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मुजावर मॅडम कागदावर चित्र काढून बोलायच्या. त्यांनी एक लांबट पान काढलं.

"बाळ आत्ता एवढंसं आहे. तिळापेक्षा लहान. त्याच्या पाठीवर पेशींची ही एक पट्टी तयार झालीय. आता हिच्या दोन्ही कडा उचलल्या जातील, वळतील आणि एकमेकींना भेटतील. पट्टीची नळी होईल. वरच्या भागाचा मेंदू होतो, खालच्या भागाचा मज्जारज्जू."

"आणि मिटायला सुरुवात कुठून होते?" सुवर्णाबाईंनी विचारलं.

"मानेपाशी, साधारण बाविसाव्या दिवशी. तिथून वर आणि खाली. टोकं शेवटी. वरचं पंचविसाव्या दिवसापर्यंत, खालचं अठ्ठाविसाव्या."

"करंजी," सुवर्णाबाई म्हणाल्या.

"काय?"

"पारी उचलायची, आधी मध्ये चिमटा घ्यायचा, मग दोन्ही टोकांकडे दाबत जायचं. नवशिकी बाई टोकात फसते. तिथे पारी कोरडी पडलेली असते."

मुजावर मॅडम हसल्या. "चौदा वर्षं मी हे पँटच्या चेनवरून समजावत आलेय. वाया गेली." मग त्यांचं हसू उतरलं. "टोक उघडं राहिलं तर मात्र अवघड. वरचं राहिलं तर मेंदू घडत नाही, बाळ जगत नाही. खालचं राहिलं तर बाळ जगतं, पण मणक्याच्या नसा उघड्या राहतात. पायांत ताकद कमी, लघवीवर ताबा नाही. किती खाली आणि किती उघडं, त्यावर आहे."

"पण का राहतं?"

"एक कारण असतं तर बरं झालं असतं. त्या आठवड्यात पेशी भराभर वाढतात, त्यांना फोलेट लागतं. ते कमी पडलं तर. बी-बारा कमी असलं तर फोलेट असून अडकून पडतं. साखर वाढलेली असेल, जोराचा ताप येऊन गेला असेल. घराण्यातून काही आलं असेल. काही औषधं. आणि कितीतरी वेळा आम्हालाही कळत नाही." त्यांनी फोन ईश्वरीपुढे धरला. "तुझं फोलेट चांगलं आहे, बी-बारा चांगलं आहे. पण ही रेष बघ. जी जनुकं आता शांत व्हायला हवीत ती जागीच आहेत. असा ठसा बहुतेक वेळा औषधाचा असतो. फिट्सचं, अर्धशिशीचं, मनाच्या आजाराचं. असं काही घेतेस का?"

"नाही हो मॅडम," सुवर्णाबाईच बोलल्या. "नुसतं कॅल्शियम. फॉर्ममध्ये लिहिलंय मी."

ईश्वरी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत होती. मघापासून हलणारा तिचा पाय थांबला होता. सुवर्णाबाईंनी ते पाहिलं, आणि पोरीला चक्कर येतेय असं समजून पिशवीतून राजगिऱ्याची वडी काढून तिच्या हातावर ठेवली.

दिवस एकोणीस

सुवर्णाबाई शिकल्या बारावीपर्यंत, पण त्यांच्या स्वयंपाकघरात कुठलाही जिन्नस तपासल्याशिवाय आत येत नसे. तूप तळहातावर घासून बघायचं, खवा तव्यावर टाकून, केशर कोमट दुधात सोडून. रात्रभर त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं: घरात औषध एकच, आणि ते आपण तपासलेलं नाही.

ईश्वरी शाळेत गेल्यावर त्यांनी दोन वाट्यांत लिंबू पिळलं. गुडघ्यांसाठी त्या स्वतःही कॅल्शियम घ्यायच्या. आपली गोळी फोडून पहिल्या वाटीत टाकली. फसफसली, शहाबादी फरशीवर लिंबू सांडल्यासारखी. मग पांढऱ्या बाटलीतली गोळी घेतली. जांभळट, गुळगुळीत. फोडली, दुसऱ्या वाटीत टाकली.

काही नाही. एक बुडबुडा नाही.

बनावट माल!

सुवर्णाबाईंचा संताप पायांपासून वर चढला. भोळ्या विहिणीला कुण्या दुकानदाराने गंडवलं, वर्षानुवर्षं, आणि ती बिचारी उन्हातान्हात बेदाणे निवडून त्या पैशांतून हे विष लेकीला पाठवतेय. त्यांनी बाटली पिशवीत टाकली, वाटीतलंही पुरावा म्हणून डब्यात ओतलं, आणि विजेवरची तासगाव एसटी पकडली. वाटेत त्यांनी दुकानदाराला काय काय बोलायचं ते जुळवलं. चांगलं जुळलं होतं.

दिवस एकोणीस, दुपार

बेदाण्याच्या शेडमध्ये निवडायचं काम आता कॅमेरे करतात. तरी पट्ट्याच्या शेवटी एक बाई बसवावी लागते, कारण यंत्राला आंबूस वास येत नाही. ईश्वरीची आई उज्ज्वला त्या टोकाला बसायची. नवरा गेल्यापासून अठरा वर्षं.

"विहीणबाई! तुम्ही? पोरीचं काही..."

"पोरगी ठीक आहे. तुम्ही उठा. चप्पल घाला. दुकान कुठलं ते दाखवा फक्त, पुढचं मी बघते."

"कुठलं दुकान?"

सुवर्णाबाईंनी डबा उघडून नाकापुढे धरला. "हे बघा. लिंबात टाकलंय. फसफसलं का? नाही फसफसलं. हे कॅल्शियम नाही, उज्ज्वलाताई. लुटलंय तुम्हाला. आणि डॉक्टर म्हणते पोटातल्या बाळावर कुठल्यातरी औषधाचा ठसा दिसतोय. त्या मेल्याला मी..."

उज्ज्वला खाली बसली. खुर्चीवर नव्हे, बेदाण्यांच्या क्रेटवर.

"दुकानदाराचं काही नाही, ताई," ती म्हणाली. "त्या फिटच्या गोळ्या आहेत. बाटली मी बदलते."

पट्टा चालू होता. बेदाणे घरंगळत होते. कुणी निवडत नव्हतं.

"आठ वर्षांची होती तेव्हा पहिली आली. शाळेत, झेंड्याच्या कार्यक्रमात. या गोळ्यांनी थांबल्या. सहा वर्षांत एकही नाही. मग तुमचं स्थळ आलं."

"सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर केलं असतंत?"

सुवर्णाबाई खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्यांना ते जमेना. "नसतं केलं," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काय मग! तोंड वर करून विचारताय! पोर पोटात आहे तिच्या, मिटायचं आहे त्याचं अजून, आणि तुम्ही दोघी मायलेकी..." आवाज एवढा चढला की पलीकडच्या तीन बाया उठून आल्या. सुवर्णाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, उज्ज्वलाकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मांडीवर उलटे पडले होते, बेदाण्यांनी चिकट. दुकानदारासाठी जुळवलेलं सगळं भाषण त्यांच्या तोंडात होतं, आणि ते या बाईवर ओतता येईना.

त्यांनी मुजावर मॅडमना फोन लावला. मॅडमनी औषधाचं नाव विचारलं. "व्हाल्प्रोएट," उज्ज्वला म्हणाली, इतक्या सवयीने की जसं शेजारणीचं नाव. मग मॅडम सावकाश बोलल्या, प्रत्येक शब्द वेगळा:

"गोळी स्वतःहून बंद करायची नाही. तिलाही करू देऊ नका. एकदम बंद केली तर फिट उसळून येते. उद्या सकाळी घेऊन या. तोवर एकटी सोडू नका."

सुवर्णाबाईंनी ईश्वरीला फोन लावला. उचलला.

"आई?"

"कुठे आहेस? घरी? गोळी घेतलीस का तू? खरी गोळी?"

पलीकडे वही मिटल्याचा आवाज. मग: "कालपासून नाही घेतली. मॅडम ठसा म्हणाल्या तेव्हापासून." आणि मग बारीक आवाजात, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"लिंबाने," सुवर्णाबाई म्हणाल्या. "गॅस बंद कर. जमिनीवर बस. भिंतीपासून लांब. दाराची कडी काढून ठेव. आम्ही दोघी येतोय."

दिवस एकोणीस, संध्याकाळी पावणेसहा

ईश्वरी सांगितल्याप्रमाणे स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती, भोवती भूगोलाच्या वह्या. आईला पाहून ती रडेल असं सुवर्णाबाईंना वाटलं होतं. ती म्हणाली, "नववीतल्या निम्म्या पोरांनी सह्याद्री राजस्थानात काढलाय," आणि तिची मान एका बाजूला वळत गेली.

पुढच्या अडीच मिनिटांत सुवर्णाबाईंनी काय काय केलं ते त्यांना नंतर नीट आठवेना. उज्ज्वलाने काय केलं ते मात्र आठवतं. तिने वह्या सरकवल्या. ओढणीची घडी डोक्याखाली घातली. लेकीला कुशीवर वळवलं. शेजारची बाई धावत आली, कांदा घेऊन, चप्पल घेऊन. उज्ज्वला मान न वळवता म्हणाली, "नाकाशी काही धरायचं नाही. तोंडात काही घालायचं नाही. घड्याळ बघा." शेजारीण गपचूप घड्याळ बघत राहिली, हातात कांदा तसाच. उज्ज्वलाचा एक हात लेकीच्या पाठीवर होता. दाबत नव्हता, नुसता होता.

या हाताला किती वर्षांचा सराव आहे, हे सुवर्णाबाईंना तेव्हा दिसलं. आणि दीड वर्ष आपल्या घरात हा हात नव्हता, हेही.

ईश्वरी शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिल्यांदा दंड चाचपला. टिकली जागेवर होती.

दिवस वीस

*दवाखान्यात कोण काय म्हणालं, जसं म्हणालं तसं:*

मुजावर मॅडम: औषध बदलायला हवं होतं ते लग्नाच्या वेळी. नवी औषधं आहेत, बाळाला पुष्कळ सुरक्षित. पण मला कुणी सांगितलंच नाही तर मी काय बदलू?

उज्ज्वला: चूक माझी आहे, मॅडम.

मॅडम: चूक वाटून घ्यायला नंतर बसा. आत्ता ऐका. हे औषध घेणाऱ्या शंभर बायकांत मणक्याचा दोष एखाद-दुसऱ्याच बाळाला होतो. पण टिकलीची रेष मागे आहे, म्हणून मी घाबरलेय. नवं औषध आज पूर्ण मात्रेत सुरू करू. जुनं तीन दिवसांत उतरवू. या आठवड्यात फिट येऊ शकते. मोठी आली तर आईलाही धोका, बाळालाही.

ईश्वरी: आजच पूर्ण बंद केलं तर?

मॅडम: धोका जास्त.

सुवर्णाबाई: आणि बदललंच नाही तर? आहे तेच ठेवलं तर? निदान ही तरी पडणार नाही.

ईश्वरी: आई!

सुवर्णाबाई: काय आई? काल अडीच मिनिटं मी बघितलंय. नातवंडाचं तोंड मी अजून बघितलेलं नाही. तुझं बघितलंय.

मॅडमनी पेनचं टोपण लावलं, काढलं.

वेदांत, सुवर्णाबाईंचा मुलगा, पवनचक्क्यांच्या पठारावरून सकाळीच उतरला होता. अंगात अजून कामाचा भगवा कोट. तो बायकोला म्हणाला, "म्हणून तू गाडी शिकत नव्हतीस. आणि मी तुला चारचौघांत भित्री म्हणायचो."

"म्हणायचास," ईश्वरी म्हणाली. मग मॅडमकडे वळून, "तीन दिवसांत उतरवू."

दिवस एकवीस

जुनी गोळी: अर्धी. नवी: दोन वेळा. फिट: नाही. रेष: मागेच.

दिवस बावीस

मानेपाशी कडा भेटल्या. फोनवर रेषेच्या मधोमध एक ठिपका हिरवा झाला, मोहरीएवढा. चौघांनी तो पाहिला. वेदांतने बोटांनी मोठा करून पाहिला. मोठा केल्यावरही तो मोहरीएवढाच.

दिवस तेवीस

विहीणबाई घरात राहिल्या होत्या आणि घरचं काही खात नव्हत्या. त्यांच्याकडे रीत होती, नातवंड होईपर्यंत लेकीच्या सासरचं अन्न तोंडात घालायचं नाही. बाहेरून केळी आणून खायच्या. पाणी आपल्या बाटलीतलं. तीन दिवस सुवर्णाबाईंनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. अन्न करून घालणं हा ज्यांचा धंदा, त्यांच्या घरात बाई केळ्यांवर जगतेय!

चौथ्या दिवशी त्यांनी रुखवताच्या करंज्यांचं ताट उज्ज्वलापुढे ठेवलं.

"तुमचं नाक चांगलं आहे म्हणतात. आमच्याकडे माल बाहेर जाण्याआधी चव बघायला बाई लागते. मला गोडाचं कळेनासं झालंय या काळजीने."

"ताई, आमच्यात..."

"जेवायला कोण सांगतंय? चव बघायचीय. कामाचं आहे."

उज्ज्वलाने एक करंजी चाखली. वेलदोडा कमी आहे म्हणाली, आणि तो खरंच कमी होता. दुपारी तिने डाळवांग्याची चव बघितली, भाताबरोबर. रात्री दोन भाकरींची चव बघितली. ईश्वरी पलंगावरून म्हणाली, "मम्मी, ताकाचीपण बघून घे," आणि पाच दिवसांत पहिल्यांदा घरात कुणीतरी मोठ्याने हसलं.

दिवस चोवीस

हिरवं वर सरकलं. खाली सरकलं, पण कमी.

दिवस पंचवीस

वरचं टोक मिटलं.

सुवर्णाबाई आणि उज्ज्वला एकाच वेळी देवाकडे गेल्या. देव्हारा लहान होता, खांद्याला खांदा लागला. वेदांतने पठारावरून फोन केला, वाऱ्यात त्याचं काही ऐकू येत नव्हतं, "मिटलं? मिटलं का?" एवढंच पुन्हा पुन्हा. ईश्वरी झोपून गेली. तिला दहा दिवसांची झोप बाकी होती.

दिवस सव्वीस

दिवस सत्तावीस

दिवस अठ्ठावीस

सकाळी अकराला रेष आली. वरपासून कमरेपर्यंत हिरवी. शेवटी थोडंसं राखाडी.

'खालचं टोक: मिटल्याची खूण आढळली नाही.'

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी टिकली म्हणाली की तिचं काम संपलं, यापुढे सोनोग्राफी. ईश्वरीने दंडावरून ती काढली तेव्हा खाली फिकट गोल राहिला होता.

मुजावर मॅडमनी कागदावर पुन्हा पान काढलं, या वेळी अगदी टोकाला एक तुटक रेघ. "अगदी खाली आहे. लहान आहे. हे गोळीमुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, आणि गोळीमुळे झालं नाही असंही नाही. औषध उतरवलं म्हणून एवढ्यावर थांबलं असेल, कोण जाणे. हे बाळ जगेल. हुशार असेल. पाचव्या-सहाव्या महिन्यात पुण्यात पोटातच शस्त्रक्रिया करतात, उघडी जागा शिवतात. त्यानंतरही पायाला आधार लागू शकतो, नळीने लघवी काढावी लागू शकते. पुढे जायचं की नाही, ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. वेळ घ्या."

घरी आल्यावर ईश्वरी सुवर्णाबाईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"तुम्हाला माझा राग आलाय?"

"आलाय," सुवर्णाबाई म्हणाल्या. "चांगला घसघशीत आलाय. त्या दिवशी दारात उभी राहून तोंड उघडलंस आणि मिटलंस, त्याचा तर फारच. पण आत्ता मला काम आहे. बाळाचं बारसं होऊ दे, मग एक अख्खा दिवस काढून मी तुझ्यावर रागावणार आहे. तारीख लिहून ठेव."

"म्हणजे... बारसं होणार?"

"ते तू सांगायचंस. मी फक्त माझं रागावणं कधी ते सांगितलं."

ईश्वरीने ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा मोडली. "मला हवंय, आई. वेदांतलापण. पण तुम्ही लोकांना काय सांगणार?"

सुवर्णाबाईंनी चप्पल घातली, आणि त्या कांदेवाल्या शेजारणीचं दार वाजवलं. ओट्याच्या खिडकीतून ईश्वरीला सगळं ऐकू येत होतं.

"ऐका. माझ्या सुनेला फिट येतात. लहानपणापासून. आणि बाळाच्या मणक्याचं खालचं टोक उघडं आहे, ते शिवून घेणार आहोत. उद्या नळावर सांगायचं ते हे सांगा. अर्धं नको, सगळं सांगा."

दिवस मोजणं सोडल्यावर

पुण्याची शस्त्रक्रिया चार तास चालली. तिच्याबद्दल इथे काही नाही, कारण सुवर्णाबाई आणि उज्ज्वला त्या चार तासांत बाहेरच्या बाकावर बसून एकच कापसाची वात वळत होत्या आणि ती काही केल्या पुरी होईना.

तीन आठवड्यांनी, त्यानंतरची पहिली मोठी सोनोग्राफी. खोलीत एकाच नातेवाइकाला परवानगी होती. वेदांत बाहेर राहिला, आणि दोन्ही विहिणी "मी नुसती दारात उभी राहते" म्हणत आत आल्या. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरने दोघींकडे पाहिलं, आणि तंटा नको म्हणून पडद्याकडे वळला.

"शिवण छान भरलीय. आता पाय बघू. नसा किती वाचल्यात ते हालचालीवरून कळतं." त्याने यंत्र फिरवलं. "उजवी मांडी... हलतेय. गुडघा... हलतोय. उजवं पाऊल... छान. आता डावा."

डावा पाय पडद्यावर आला. मांडी हलली. गुडघा किंचित वाकला. पाऊल स्थिर.

"झोपलं असेल," डॉक्टर म्हणाला. त्याने ईश्वरीच्या पोटावर हलकेच टिचकी मारली. थांबला. पुन्हा मारली.

पाऊल स्थिर.

"अगदी शेवटच्या नसा पावलाला जातात," तो हळू म्हणाला. "थोडं थांबू."

थांबले. ईश्वरीने डोळे मिटले नव्हते, पण ती पडद्याकडेही बघत नव्हती. ती छताकडे बघत होती.

"हट्टी आहे," उज्ज्वला दारातून पुटपुटली. "हिच्यावर गेलंय. ही अशीच पडून राहायची, शाळेच्या वेळी."

"हट्ट आमच्याकडचा आहे," सुवर्णाबाई म्हणाल्या. "वेदांत पोटात असताना मला नऊ महिने एकाच कुशीवर झोपू द्यायचा."

"तुमच्याकडचा कसा? पायाचा आहे ना हट्ट? पाय आमच्याकडचे. लांब बोटांचे."

"बोटं तर आमचीच! माझ्या सासऱ्यांची बोटं बघायला हवी होतीत, चपलेबाहेर यायची..."

"ओ मावश्या," डॉक्टर म्हणाला, "जरा शांत..." आणि त्याचा यंत्र फिरवणारा हात थबकला.

"काय झालं?" ईश्वरी म्हणाली. अजून छताकडेच बघत.

"पाऊल नाही. पण अंगठा. डावा अंगठा."

दोघी धावत पडद्याशी आल्या. करड्या, थरथरत्या चित्रात एक इवलासा ठिपका बाकीच्या चार ठिपक्यांपासून दूर झाला, आणि परत जवळ आला.

"हलला," उज्ज्वला म्हणाली.

"परत हलला," सुवर्णाबाई म्हणाल्या, आणि सुनेची हनुवटी धरून तिचं तोंड पडद्याकडे वळवलं. "बघ ना गं. तुझ्याकडे बघूनच हलवतंय."